मेजर आदेशाची वाट बघतात

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत फौजेतून परतलेल्या माणसाला सरसकट मेजर म्हणतात. मी नायक म्हणून निवृत्त झालो, तेही सतरा वर्षं लंगरात चपात्या लाटून. सुरुवातीला लोकांची चूक सुधारून पाहिली, मग नाद सोडला. फुकटची बढती कुणाला नको असते?

‘फौजेत माणूस घडतो’ हे ऐकून माझे कान किटलेत. घडतो, खोटं नाही. मी पहाटे चारला उठतो, चादरीची घडी काटकोनात घालतो आणि वरून कुणी सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही. गावाला पहिल्या दोनच गोष्टी दिसतात.

तीन वर्षांमागे, ऐन आषाढात, घरांमागच्या डोंगराला भेग पडली. सकाळी तिच्यात पायाचा अंगठा जात होता, दुपारी अख्खं पाऊल. सगळी वाडी माझ्या अंगणात गोळा झाली. “मेजर, तुमी सांगाल तसं.” मी ऐटीत तहसील कचेरीला फोन लावला. वरून आदेश आला की कळवतो, असं उत्तर आलं. तेच मी भारदस्त आवाजात लोकांना ऐकवलं आणि छत्री धरून उभा राहिलो. चांगले दोन तास. भेग रुंदावत होती आणि मला मात्र हायसं वाटत होतं, की निर्णय आपल्यावर नाही.

बायको गोठ्यातली म्हैस सोडून आली. “अवो, आदेश कुनाचा पायजे तुमाला? डोंगराचा?” मग बायकांकडे वळून म्हणाली, “चला गो, म्हातारी मानसं आधी काढा. भांडीकुंडी ऱ्हाऊ दे.” तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. अर्ध्या तासात वाडी खालच्या शाळेत पोचली. सगळ्यांत मागे मी. दिवेलागणीला दरड आली, ती आमच्या आणि शेजारच्या घरावर.

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. माझा! पुढारी माझ्या फौजी प्रसंगावधानावर पाऊण तास बोलले. बायको मागे चहा गाळत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी टाचा जुळवल्या, नारळ घेतला आणि ठोकून दिलं, “फौजेनं मला निर्णय घ्यायला शिकवलं.” टाळ्या पडल्या. इतकी स्वतःची किळस मला कधी आली नव्हती.

दरडीनंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडकडे परतताना बायको म्हणाली, “आता दरड आली तर तिच्याफुडं भाषन करा. मी तुमाला हाक मारायला थांबायची नाय.”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “जी.”