सांडशी खाली ठेवेपर्यंत

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतो आहे, ते मुख्यतः त्यांतल्या चुका काढायला. पांढऱ्या साडीतली बाई नेहमी घाटातच का भेटते, तिला एसटी स्टँड का चालत नाही, असं एक खवचट पत्रही मी संपादकांना पाठवलं होतं. (छापलं नाही.) मी निवृत्त प्राध्यापक, विषय इतिहास. पुरावा नसेल तर सत्यनारायणाच्या कथेतली नौकासुद्धा मी बुडू देत नाही. तेव्हा पुढचं लिहिताना किती अवघडल्यासारखं होतंय, ते समजून घ्या. पण कुणाला तरी विचारायलाच हवंय… आणि माझ्या ओळखीचे सगळे लोक माझ्यासारखेच शहाणे आहेत.

जागा नाशिक. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक फोर्जिंग कंपनी आहे. नाव लिहीत नाही. लोखंड लालबुंद तापवून, साच्यात (त्याला ते डाय म्हणतात) ठेवून, वरून घण घालून आकार द्यायचा, हा त्यांचा धंदा. आधी पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरचे आणि स्कूटरचे भाग व्हायचे. आता तिथे विमानांचे भाग होतात. फरशी इतकी चकचकीत, की पाहुण्यांना बुटांवर पिशव्या घालून आत सोडतात.

यंदा कंपनीचा सुवर्णमहोत्सव. स्मरणिकेसाठी कंपनीचा इतिहास लिहायचं काम धाकट्या शेठनी मला दिलं. मी लिहिलं, की थोरल्या शेठना खरं तर पिठाची गिरणी टाकायची होती, ती जमली नाही म्हणून शेड घेतली. मार्केटिंगच्या मुलीने ते वाक्य खोडून तिथे घातलं, ‘लहानपणी ओझरच्या बाजूने उडणारी विमानं पाहून त्यांच्या मनात स्वप्न रुजलं.’ इतिहास असाच लिहिला जातो. माझी तक्रार नाही.

काम मला मिळालं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. माझा थोरला भाऊ, दादा, त्या कंपनीच्या पहिल्या हॅमरवरचा पहिला माणूस. हॅमर म्हणजे दोन माणसं उंच यंत्र. खाली पायडल असतं. ते दाबलं की घण खाली येतो, आणि किती दाबलं त्यावर ठोका हलका की भारी ते ठरतं. दादाच्या उजव्या पायाची सगळी उमर त्या पायडलवर गेली. समोर त्याचे जोडीदार युसूफभाई लांब सांडशीत जॉब, म्हणजे तापलेला लोखंडाचा तुकडा, धरून उभे. दोन हलके ठोके, एक भारी. मग युसूफभाई जॉब फिरवणार तेवढी उसंत, आणि पुन्हा तेच. आमची खोली कंपनीच्या मागच्याच गल्लीत होती. ठोका पडला की पुस्तकातली अक्षरं हलायची, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. दादाने मला शिकवलं. मी बी.ए. केलं ते हलत्या अक्षरांतून.

पुढे विमानांचं काम आलं आणि तो हॅमर बंद झाला. विमानाचा भाग एका माणसाच्या पायाच्या अंदाजावर बनतो, हे परदेशी गिऱ्हाइकाला पटेना. दादा निवृत्त झाला. आणि या वर्षी सुवर्णमहोत्सवासाठी तोच हॅमर बाहेर काढला, सोनेरी रंगवला (होय, सोनेरी) आणि गेटजवळ ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर बसवला. हवेची लाइन तोडलेली, घण वेल्डिंग करून पक्का केलेला. पायडल तर कापूनच टाकलं, पाहुण्यांच्या पायात येईल म्हणून.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

समारंभाच्या आधल्या आठवड्यात दादा आंघोळ करून बाहेर आला आणि खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूत मोठा रक्तस्राव. शहरातलं एक हॉस्पिटल, दुसरा मजला, आयसीयूतला कोपऱ्यातला बेड. व्हेंटिलेटर लावला. उजवी बाजू पूर्ण गेलेली. डॉक्टर तरुण होते आणि भले होते. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला आणि वहिनींना सांगितलं, की आता उपाय उरलेला नाही, मशीन किती दिवस चालू ठेवायचं ते घरच्यांनी ठरवावं. दादा-वहिनींना मूलबाळ नाही. घरचे म्हणजे आम्ही दोघंच.

मला डॉक्टरांचं पटलं होतं. ते मी वहिनींना कोणत्या शब्दांत सांगावं, याची जुळवाजुळव करत होतो. वहिनी देवळ्याकडच्या. बोलतात कमी, आणि बोलल्या की विषय संपतो.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मशीन काढायचं नाही. ते कामावर आहेत.”

“वहिनी…”

“पाय बघा त्यांचा. काम करू राहिले ते. ड्युटीवरच्या माणसाला असं मधूनच उठवून नेता का तुम्ही?”

मी आत जाऊन पाहिलं. उजवा पाय – जो डॉक्टरांच्या मते गेलेला होता – हलत होता. पंजा पुढे दाबला जायचा, सुटायचा. हलका, हलका, भारी. मग उसंत. डॉक्टर म्हणाले, “रिफ्लेक्स आहे. मेंदूला इजा झाली की असं होतं, त्याला अर्थ नसतो.” मीही मान डोलावली. वाईट वाटलं, पण चमत्कारिक काही वाटलं नाही. वहिनींनीच मला सांगितलं होतं, की झोपेतसुद्धा दादाचा पाय चालायचा.

चमत्कारिक होतं ते पाणी.

अंग पुसायचं स्टीलचं भांडं नर्सने बेडवरच्या टेबलावर ठेवलं होतं. दादाचा पंजा दाबला गेला की त्या पाण्यात वर्तुळ उठायचं. हलक्या ठोक्याला बारीक, भारी ठोक्याला कडेपर्यंत. आणि वर्तुळ पायाबरोबर उठत नव्हतं – पायानंतर उठत होतं. क्षणभराने. पायडल दाबल्यावर घण खाली यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याने.

मी माझ्या शिस्तीप्रमाणे कारणं शोधायला लागलो. व्हेंटिलेटरचा ताल वेगळा होता, संथ, एकसारखा. गादीत हवा भरणारा पंप होता, तो सिस्टरला दोन मिनिटं बंद करायला लावला. वर्तुळं तशीच. सिस्टर सुरगाण्याकडची, धीट मुलगी. तिनेच भांडं उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. पाणी शांत. शेजारच्या रिकाम्या बेडवर ठेवलं. शांत. दादाजवळ आणलं…

“सर, हे काय आहे?” तिने हळूच विचारलं.

“जनरेटर असेल,” मी म्हणालो.

“जनरेटर बंद आहे सर. लाइट आहे.”

मग मी एक गोष्ट केली. दादाचा पाय दोन्ही हातांनी धरला. पाणी क्षणभर थांबलं. पण त्या गेलेल्या पायात, माझ्या तळव्यांखाली, एवढा जोर होता की मी त्याला धरून ठेवू शकत नव्हतो. कुणीतरी पूर्ण वजनानिशी दाबत होतं. आणि माझ्या दाढांमध्ये, लहानपणी बसायचा तसा, तो ठोका बसत होता. आवाज नाही. नुसता ठोका.

मी पाय सोडून दिला. लगेच. रिफ्लेक्सला कुणी एवढं घाबरत नाही, हे मलाही कळतं.

दिवस असेच गेले. पाय थांबला नाही. रात्र नाही, दिवस नाही. दादा वाळत चालला. किडनीने काम सोडलं. चादरीला घासून घासून टाच सोलली, सिस्टरने पट्टी बांधली, ती रक्ताने भिजली, दुसरी बांधली. वहिनी पायाशी बसून राहायच्या, आणि प्रत्येक भारी ठोक्याला त्यांचा चेहरा आक्रसायचा. एका दुपारी त्या म्हणाल्या, “भाऊजी, किती ओव्हरटाइम करायचा हो त्यांनी?” त्या पहिल्यांदाच रडल्या.

समारंभाच्या दिवशी मी गेलो नाही. दुपारी युसूफभाई तिथून थेट हॉस्पिटलात आले. खांद्यावर सत्काराची शाल, एका हातात स्वतःचा नारळ, दुसऱ्या हातात दादाचा नारळ आणि दादाची शाल. हॅमरने त्यांचे कान कधीच नेलेत, त्यामुळे ते साधं बोलले तरी भाषण वाटतं.

“काय प्रोफेसर! कैसा है अपना शेर?”

“आजोबा, हळू बोला,” सिस्टर म्हणाली. “आयसीयू आहे.”

“क्या बोली?”

“हळू!”

“हां मग, हळूच बोलतोय मी.”

नारळ बाहेर ठेवावे लागले. शाल आत चालली. ती दादाच्या अंगावर पसरत ते मला म्हणाले, “शेठ का हात जल गया आज. डायवर हळदी-कुंकू लगा रहे थे, एकदम हाय करके पीछे. बोटाला फोड आला. हॅमर गरम था, प्रोफेसर.”

“उन्हात उभा आहे तो,” मी म्हणालो.

“कसलं ऊन? वर मंडप, बाजू में कूलर. बाकी सगळा हॅमर थंडा, फक्त डाय गरम.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा हात बेडच्या दांडीवर टेकला. आणि तिथेच राहिला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दुसऱ्या हाताची मूठ आपोआप वळली, आणि दर भारी ठोक्यानंतर मनगट फिरू लागलं. सांडशीत जॉब फिरवावा तसं.

“चालू है,” ते म्हणाले. या वेळी खरंच हळू.

वहिनी उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “युसूफभाई, हॅमरवर हे थांबायचे कसे? तुम्हाला माहितीये.”

“भाभी, मैं सांडशी डायवर आडवी ठेवायचो, तेव्हा थांबायचा. भोंगा होऊ दे, शेठ हाक मारू दे, उसका पाय नहीं रुकता था. मेरी सांडशी खाली, तभी. मग एक हलका ठोका द्यायचा, रिकाम्या डायवर. सलाम समझो.”

“मग ठेवा आता.”

युसूफभाईंनी दांडीवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

“नहीं भाभी. मुझसे मत बोलो. जॉब गरम है अभी.”

“त्यांची टाच बघा!”

“मैं नहीं करूंगा!” ते ओरडलेच. सिस्टर धावत आली. युसूफभाईंनी डोळे पुसले, दादाच्या कपाळावर हात ठेवला आणि निघून गेले. स्वतःची शाल खुर्चीवर विसरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला बसवून घरी जाऊन आल्या. मला वाटलं, आंघोळीला गेल्या. आल्या त्या पदराखाली काहीतरी धरून. डॉक्टर राउंडवर यायचे होते. वहिनींनी पदर बाजूला केला. स्वयंपाकघरातली सांडशी होती. रोज दुधाचं पातेलं उतरवायची, एका बाजूने काळी पडलेली.

“वहिनी, थांबा,” मी म्हणालो. का म्हणालो? माझा तर विश्वास नव्हता. एका पातेल्याच्या सांडशीने काय होणार होतं?

“तुम्ही मानत नाही ना भाऊजी? मग बघू नका.”

त्यांनी दादाच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “अहो, झालं काम. लय झालं. चला.” आणि सांडशी त्याच्या पायाशी, गादीवर, आडवी ठेवली.

पाय मध्येच थांबला. अर्धा दाबलेला. मी पाण्याकडे पाहत होतो. तेही थांबलं. मग पंजा एकदा, अगदी हळू, पुढे गेला… आणि क्षणभराने पाण्यावर एकच बारीक वर्तुळ उठलं, कडेपर्यंतही न पोचलेलं.

बस. त्यानंतर पाय हलला नाही. मशीनला कुणी हात लावला नव्हता. दुपारच्या आत दादा गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी सातपूरला जाऊन आलो. गेटजवळ सोनेरी हॅमर उभा आहे. भर उन्हात डायला हात लावला. उन्हात लोखंड तापतं तेवढंच तापलं होतं, बोट भाजण्याइतकं नाही. स्मरणिका छापून आली. त्यात दादाचा एक फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘कुशल मनुष्यबळ’.

शेठच्या बोटाचं कारण सांगता येईल. पाण्याचंही कुणी सांगेल. मी अनेकांना विचारलं, भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यालाही. त्याने बरंच काही सांगितलं आणि शेवटी, आपण पाहिलं ते नीट पाहिलं होतं का, असं मलाच विचारलं. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला अजून काही सापडलेलं नाही. टेबलावर पाण्याचा पेला ठेवून मी रोज थोडा वेळ बघत बसतो. हलत नाही.

वहिनी हल्ली दूध फडक्याने उतरवतात. सांडशी खुंटीवर आहे. चार-आठ दिवसांनी कधीतरी, भाजी निवडताना, मान वर न करता त्या विचारतात, “भाऊजी, मी ती ठेवली नसती तर?”

आणि मी, पुरावा नसेल तर एक वाक्य न बोलणारा माणूस, दर वेळी ठामपणे सांगतो, “काही फरक पडला नसता, वहिनी. डॉक्टर म्हणाले ना, रिफ्लेक्स होता तो.”

त्या मान डोलावतात. जशी तेव्हा मी डोलावली होती.