पाटकऱ्याची टोपी

बारामतीत आम्ही राहतो त्या वृद्धनिवासाचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात ज्यांची डोकी शाबूत आहेत ते, आणि मागच्या भागात ज्यांना विसर पडतो ते. मधल्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आणि कुणाला ते दार वाटू नये म्हणून त्यावर बोगनवेलीचं चित्र काढलंय. पुढचे लोक कुलपाचा आकडा रोज विसरतात आणि इथल्या व्यवस्थापक मॅडमना विचारतात. तरी ते पुढचेच.

आम्ही दोघं इथं आलो तेव्हा ह्यांचं विसरणं चष्म्यापुरतं होतं. मग ते माझ्यापर्यंत आलं. मधेच मला विचारायचे, बाई, तुम्ही कुणाकडच्या? मी म्हणायचे, तुमच्याकडचीच. ते 'बरं' म्हणायचे. एवढ्यावर आमचा संसार चालला होता, आणि फार वाईट चालला नव्हता.

बिघडलं ते पाण्यावरून. आमची शेती इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटाला. तिथं कुणाला पाणी कधी मिळणार ते पाटकरी सांगतो. सरकारी माणूस, डोक्यावर खाकी टोपी, त्याच्या शब्दापुढं कुणाचं चालत नाही. शेवटच्या शेतांना पाळी मिळायची ती बहुतेक रात्रीची. जन्मभर हे रात्री दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला गेले, आणि मी वस्तीवर एकटी. सकाळी ते चिखलाचे पाय घेऊन आले की झोप फार छान लागली असं मी ठणकावून सांगायचे. रात्रभर दिवा का जळत होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ह्या माणसाला पाण्यापुढं काही दिसत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

तर इथं हे पहाटे उठून मजल्यावरचे सगळे नळ सोडायला लागले. पाळी आली म्हणायचे. टाकी रिकामी व्हायची. एकदा शेजारचे निवृत्त हेडमास्तर अंगाला साबण लावून बराच वेळ तसेच बसून राहिले. बाहेर येऊन त्यांनी जे शब्द वापरले ते कुठल्या इयत्तेला शिकवत होते, मला माहीत नाही.

मॅडमनी मला बोलावलं. पोरगी स्वभावानं चांगली आहे, पण ती आधी 'आजी' म्हणते आणि मग वाईट बातमी देते. पुन्हा असं झालं तर आजोबांना आतल्या भागात हलवावं लागेल, म्हणाली. आत जोडीदाराला राहता येत नाही. भेटायला दुपारी तासभर. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. ह्यांच्याशिवाय एकटीनं झोपायची मला भीती वाटत होती. ह्या वयात.

मी ह्यांना समजावून पाहिलं. बायकांनी पाटाच्या कामात पडू नये, असं उत्तर मिळालं. नळांना फडकी बांधली, ती त्यांनी सोडून व्यवस्थित घड्या करून ठेवली. मग माझ्या लक्षात आलं की ह्या माणसानं आयुष्यात एकाच माणसाचं मुकाट्यानं ऐकलं, आणि ती मी नव्हते.

संध्याकाळी वॉचमनची खाकी टोपी मागून आणली. पदर कमरेला खोचला, टोपी चढवली आणि घसा खरवडून पलंगासमोर उभी राहिले.

"तात्या, तुमची पाळी उद्या सकाळी. अंगणातल्या कढीपत्त्याला. तवर कुणी पाण्याला हात लावायचा न्हाय."

हे ताडकन उठून उभे राहिले. "व्हय साहेब," म्हणाले. मला आयुष्यात असं कुणी म्हणालं नव्हतं.

सकाळी त्यांनी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला पाइपनं पाणी दिलं. नळ बंद राहिले. मॅडम म्हणाली, बघू. तेव्हापासून रोज जेवणं झाली की मी टोपी घालते. बायको म्हणून ते मला दिवसदिवस ओळखत नाहीत, पाटकरी म्हणून एकदाही चुकलेले नाहीत. उद्या आंघोळ होणार ना, एवढं हेडमास्तर माझ्याकडून रोज वदवून घेतात.

परवा पाळी सांगून मी टोपी काढणार, तेवढ्यात ह्यांनी मला थांबवलं. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"साहेब, दर साली सांगतोय तुमास्नी. रातची पाळी देऊ नगा. घरात कारभारीण एकली असती. लई भिती ती. कुणाला सांगत न्हाय, पर रातभर दिवा जळत असतो. मला शेतातनं दिसतो."

दर साली. खऱ्या पाटकऱ्यानं दर साली काय उत्तर दिलं ते मला ठाऊक आहे, कारण त्या सगळ्या रात्री मी जागून काढल्यात. मी टोपी पुन्हा नीट बसवली.

"दिवसाची दिली," मी म्हणाले. "रातचं घरी ऱ्हावा."

"उपकार झाले," हे म्हणाले, आणि पलंगावर भिंतीकडं सरकून झोपले. उरलेली अर्धी जागा त्यांनी हातानं झटकून ठेवली होती.

मी टोपी खिळ्याला अडकवली आणि दिवा बंद केला.