चाकाखालचा दगड

गड्यांनो, आज सकाळी कडेगावच्या रस्त्यावर एक ट्रक जळका वास सोडत गेला आणि आमचा जुना ट्रक आठवला. गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरची.

आण्णा, म्हणजे माझे वडील, तो ट्रक चालवायचे. ते गेले. तेरावा उरकून मी खेपा सुरू केल्या, तर गाडी डिझेल लय पिऊ लागली आणि मागनं जळका वास येऊ लागला. मिस्त्रीनं पंप बघितला, क्लच बघितला, काही सापडेना. शेवटी मीच मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला. चटका बसला. ब्रेक धरून बसले होते.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हँडब्रेक वढला व्हय कुणी? त्यो वढला की दांडी खाली येती, पर आतनं सुटत न्हाई. तुजं आण्णा त्यो कवाच वढत नव्हतं, चाकाखाली दगुड लावायचं."

"मग दगड कुठाय?"

ती म्हणाली, "त्यास्नी शेवटची आंगुळ घालाय अंगणात पाणी तापवलं. चुलीला तिसरा दगुड मिळंना, म्हणून चाकाखालचा काढला."

दगड काढल्यावर गाडी घरंगळू नये, म्हणून त्या गडबडीत कुणीतरी हँडब्रेक ओढला होता.

दगड अंगणातच होता, एका अंगाला काळा. मी ब्रेक सोडवला आणि दगड चाकाखाली सारला. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

ट्रक कधीच भंगारात गेला. दगड अजून दाराशी आहे. आज सूनबाई म्हणाली, "मामा, ह्यो काळा दगड घासून काढू का?"

नको म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?