डावखुऱ्याला ठेवतील का?

माझा मोठा भाऊ दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे तेराव्यापर्यंत, मी रावेरला त्याच्याच घरी राहिलो. जळगावात मेहरूणला माझं घर पुस्तकांनी भरलेलं आहे. भावाच्या घरात वाचण्यासारखं एक गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर त्याने खेळाडूंची नावं लिहिली होती. कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, याचे अंदाज. त्यातला एकही खरा ठरला नव्हता, हे मी ताडून पाहिलं. दुःखातही माझी ही खोड जात नाही.

क्रिकेटचा मोसम संपला की खेळ संपला असं आपल्याला वाटतं. भावाच्या मंडळींचा खरा खेळ तेव्हा सुरू व्हायचा. संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, याची यादी थंडीच्या तोंडावर येते. सोडलेले मग लिलावात जातात. यादी येईपर्यंत ही मंडळी रोज संध्याकाळी ट्रकांच्या वजनकाट्यापाशी बसून देशभरातल्या संघांची अदलाबदल करायची. मंडळी तिघांचीच: भाऊ, केळीचे ट्रक भरून देणारे आबा आणि निवृत्त शिक्षक असलेले नाना.

टीव्हीवरच्या बातम्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. टीव्हीवाले खुर्चीत बसून बोलतात, केळीचा ट्रक मात्र त्या शहरात प्रत्यक्ष जाऊन येतो. त्यामुळे दिल्लीला माल उतरवून आलेला ड्रायव्हर हा दिल्लीच्या संघाच्या आतल्या गोटातला माणूस ठरायचा. धुळ्याकडचा एक ड्रायव्हर तर गाडी काट्यावर घेता घेताच ओरडायचा, "बठ्ठं ठरेल शे, आबा!" सगळं ठरलंय म्हणून. त्याला त्या बातमीवर दोन चहा मिळायचे. बातमी खोटी निघाली तर पुढच्या फेरीला तिसरा, खुलासा करण्यासाठी.

भावाचा जीव एका डावखुऱ्या फलंदाजावर होता. चाळिशीला टेकलेला, गुडघा बांधून खेळणारा. काट्यावरच्या भावाच्या शेवटच्या संध्याकाळी नाना म्हणाले, "भाऊ, तुझा डावखुरा पिकला आता. या वर्षी त्याला सोडतील बघ."

"मास्तर, तुम्ही रिटायर झाले म्हणून साऱ्या जगाले करू राह्यले का?" असं म्हणून भाऊ चहा न घेताच उठून गेला. तीन दिवसांनी त्याचं हृदय बंद पडलं. मधल्या तीन दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. हे मला आबांनी सांगितलं.

नाना द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला, पहिल्याच दिवशी आले आणि मग रोज येत राहिले. दारासमोरच्या मांडवात सतरंजीच्या टोकाला बसायचे. पहिले काही दिवस कोणी खेळाचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी आबांना राहवलं नाही.

"दिल्लीवाले डावखुऱ्याले मागू राह्यले म्हणे."

"कोणी मागत नाही," नाना म्हणाले. "तो आहे तिथेच राहणार."

"अहो, तुम्हीच तर म्हणत होते, पिकला म्हणून!"

"मी काहीही म्हणतो. माझं कोण मनावर घेतं?" चाळीस वर्षं ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा, ते नाना हे म्हणत होते.

आबा उठून गेल्यावर ते माझ्याकडे सरकले. "त्याला ठेवायला पाहिजे हो. नाहीतर मी भाऊला शेवटचं जे बोललो, तेच खरं ठरेल. भांडण तसंच राहील."

मी आयुष्यभर वाचत आलो, पण त्या वेळी कामी येईल असं एक वाक्य मला आठवलं नाही. "गुडघा बरा झाला असेल त्याचा," एवढंच म्हणालो. नानांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते आबांना सांगत होते, गुडघा बरा आहे, जळगावहून पक्की बातमी आहे.

यादी नेमकी तेराव्याच्या दुपारी, जेवणं उरकल्यावर आली. मांडवात एकेक करून मोबाईल निघाले. आबांनी त्यांचा माझ्यापुढे धरला. चष्मा लावून मी दोनदा पाहिलं. ठेवलेल्यांत डावखुऱ्याचं नाव नव्हतं. नानांनी आपला मोबाईल खिशात ठेवला.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. तेरा दिवसांत त्या पुढच्या दारी क्वचितच आल्या होत्या.

"नाना, यादी आली म्हणे. यांच्यावाला गडी राह्यला का?"

सगळा मांडव सतरंजीकडे पाहू लागला. कोणाला अर्धा गुण फुकट न देणारे नाना वहिनींच्या नजरेला नजर देऊन म्हणाले, "राहिला, वहिनी. ठेवला त्याला."

"माह्या मोबाईलवरबी बातमी येते, नाना."

नानांचे कान लाल झाले. मास्तरकीतली शुद्ध भाषाही गळून पडली. "मंग मले कशाले इचारलं?"

"तुम्ही काय सांगता, ते पाहू राह्यली होती." वहिनींच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. "सोडला तर सोडला. अजून लिलाव हाये ना? बसा, चहा ठेवते."

नाना ताठ झाले.

"लिलावात परत तेच घेतील त्याला. लिहून देतो."

"त्या गुडघ्याले कोण घेईल?" आबा म्हणाले.

"गुडघ्यानं बॅट धरतात का, आबा? मनगट पाहा त्याचं!"

मुद्दा पोकळ होता. भावानेही तोच मांडला असता, आणि इतक्याच मोठ्या आवाजात. आबा मांडी बदलून वाद घालायला बसले. आतून वहिनींनी विचारलं, साखर किती, पण नानांना ते ऐकू गेलं नाही.