शिवणवर्गाच्या दारावरचे घाव

आखाडा बाळापूरला मी शिवणवर्गाची बाई म्हणून लागले, तेव्हा मार खाल्लेल्या बायकांना आसरा देणं हेही माझं काम असेल, असं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या यायच्या. गावात एकटी राहणारी, कमावती बाई मीच. खोली एकच, पुढं मशीन, मागं पडद्याआड माझी चूल. मिळायचं ते मानधन, तेही वर्ग भरला तरच. रजा नाही, शिपाई नाही.

त्या दिवशी बाजार होता. भर दुपारी जवळच्या खेड्यातली एक बाई धावत आत शिरली. कडेवर लेकरू, कानातून रक्त मानेवर ओघळलेलं.

"बाई, दार लावा. नवरा येऊन राहिला."

शिकायला आलेल्या पोरींना मी मागच्या दारानं चौकीवर पिटाळलं. आम्ही दोघींनी मशीन दाराला लावलं, तोच बाहेरून लाथ बसली.

"माझी बायको हाय. तू कोण मधी येणारी?"

"शांत व्हा, मग बोलू," मी म्हटलं.

उत्तरादाखल कुऱ्हाडीचा दांडा दारावर आदळला. फळी फुटली. भगदाडातून त्याचा हात आत आला आणि तिचे केस त्याच्या मुठीत सापडले. तो तिचं डोकं दारावर आपटत राहिला. लेकरू खाली बसलं होतं, तोंड उघडं, आवाज मात्र नाही. टेबलावर कोळशाची इस्त्री तापलेली होती. मी ती उचलली आणि त्याच्या मनगटावर टेकवली. तो ओरडला, तरी मूठ सुटेना. मी पुन्हा टेकवली, जोर देऊन. कातडी जळाल्याचा वास आला. मला त्याची दया आली नाही.

मूठ सुटली, पण दार निखळलं आणि तो आत घुसला. दांडा मी उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. त्यानं तिला खाली पाडलं, गळ्यावर पाय दिला. तेवढ्यात समोर मिरच्या विकणारी म्हातारी धावत आली आणि तिनं तागडीतलं वजन त्याच्या पाठीत हाणलं. मागून बाजारातल्या बायका आल्या. चौघी-पाचजणी त्याच्या अंगावरच बसल्या.

चौकीवरून जमादार आला. "घरचा मामला हाय," म्हणाला आणि संध्याकाळी त्याला सोडून दिलं.

हाताला प्लास्टर घातलं. भरपाई मागायला तालुक्याच्या साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "तुमचं काम शिवण शिकवायचं. मारामारीत हात मोडला, तो कामावर मोडला असं कसं धरायचं?" वर्ग बंद, म्हणून मानधनही बंद.

ती माझ्याकडेच राहिली. तिला गिळता येत नव्हतं, मला घास उचलता येत नव्हता. कण्या शिजवून ती आधी मला भरवायची, मग स्वतः थोडं थोडं प्यायची. माझी वेणीही तीच घालायची. दारात कुणी खाकरलं तरी दोघी दचकायचो.

निरोप गेल्यावर कुरुंद्याहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. तिचा गळा त्यानं पाहिला. मग म्हणाला, "आता तिला नांदायला धाडत न्हाई."

त्यानं शब्द पाळला. ती हळदीच्या कामाला जाऊ लागली, लेकरू वाढलं. माझा हात वाकडाच जुळला. कात्री धरवेना, तेव्हा मी शिकाऊ पोरींकडून कापड बेतून घेऊ लागले आणि वर्ग पुन्हा भरवला. मार खाल्लेल्या बायका येतच राहिल्या.