दुखणं कुठं ते सांगितलं न्हाय

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल. मूर्खपणा पुरा माझाच आहे.

मी लोहाऱ्यात मास्तर. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी संडासात लालभडक रक्त दिसलं. दुखलं काहीच न्हाय, त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खाज सुटायची, बसलं की खुपायचं, हाताला बारकी गाठ लागायची. रक्त अधिक गाठ. मास्तरानं लगेच बेरीज केली. कॅन्सर.

आता बायकोला सांगायचं कसं? वर्गात पचनसंस्था शिकवताना शेवटचा अवयव आला की पान उलटणारा मी! सुमनला एवढंच म्हणालो, "माझं काय खरं न्हाय. आत काहीतरी मोठं झालंय."

"आत म्हंजे कुठं?"

"आत."

तिनं काळीज समजून येरमाळ्याला भावाला फोन लावला. दुपारपर्यंत मेहुणा, त्याची बायको आणि सुमनचे चुलते आण्णा जीप करून हजर. मेहुणा येताना येडेश्वरीला नवसही बोलला होता.

"दाजी, बसा की."

"नको, उभाच बरा हाय."

"छातीत कोंडतंय, बसवंना त्यांना," आण्णा म्हणाले. मेहुण्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

मला त्याच जीपमधनं दवाखान्यात नेलं. खड्डा आला की मी कळवळायचो, आणि मेहुणा माझी छाती चोळायचा.

डॉक्टरांना मात्र दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी तपासलं. "मूळव्याध आहे. कुंथू नका, पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा, कोमट पाण्यात बसत जा. आणि आलात ते बरं केलं. रक्त म्हणजे दर वेळी मूळव्याधच असते असं नाही, तपासूनच घ्यावं."

बाहेर आलो तर चौघं दारालाच.

"काय निघालं?"

"मूळव्याध," मी भिंतीकडं बघून सांगितलं.

मग आण्णा म्हणाले, "एवढंच व्हय? मला वीस वर्सं झाली."

"मला बी हाय की," मेहुणा म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापास्नं."

"माझी बाळंतपणापास्नं," त्याची बायको हळूच म्हणाली.

आणि तिथंच, इसबगोल दुधातनं घ्यावं का पाण्यातनं, यावर तिघांची चर्चा लई रंगली.

सुमन तेवढी माझ्याकडं रोखून बघत होती. जीपमध्ये चढताना म्हणाली, "मरायला तयार झालात, पर बूड म्हणायची लाज वाटली व्हय?"