इंजिन उचलताना गाडीच उचलली

दादाच्या जुन्या गाडीचं इंजिन घरीच उतरवायचं ठरलं, तेव्हा मदतीला मलाच का बोलावलं, हे मला अजून कळलेलं नाही. दादा मानपाड्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होता. मी ठाण्याच्या एका कचेरीत कागद या टेबलावरून त्या टेबलावर ठेवतो. वहिनी म्हणत होती, गॅरेजवाल्याला बोलवा. निवृत्त झाल्यापासून दादाचा उजवा हात थरथरतो. त्यावर घरात कोणी बोलत नाही. गाडी त्याला बहुतेक त्याचसाठी उघडायची होती.

अंगणात लोखंडी घोडी उभी केली, तिला चेनकप्पी टांगली, तिचा आकडा इंजिनाला बांधलेल्या पट्ट्यात अडकवला. दादाने नियम सांगितले. टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, आणि बोलायचं फक्त त्याने.

"तू नुसती साखळी ओढ. ही बाजू ओढलीस की वर, ती ओढलीस की खाली. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. लग्नात भटजींनाही मी असंच म्हणालेलो.

खडखड करत साखळी ओढायला लागलो. इंजिन वर यायला लागलं, आणि मला इतका आनंद झाला की पुढचं वहिनीलाच सांगावं लागलं.

"भावजी, गाडी कशाला उचलताय?"

"इंजिन उचलतोय, वहिनी."

"चाकं बघा."

पुढची चाकं जमीन सोडायच्या बेतात होती.

"थांब रे. एक बोल्ट राहिला वाटतं," दादा म्हणाला आणि चाचपायला त्याने इंजिनाखाली हात घातला. तोच, उजवा. पट्टा बोटभर सरकला. घोडी करकरली.

"अहो, हात काढा आधी," वहिनी म्हणाली. "भावजी, खाली घ्या."

माझ्यासमोर साखळीच्या दोन बाजू लोंबत होत्या, दोन्ही सारख्याच. ही म्हणजे कुठली आणि ती म्हणजे कुठली? सोडली तर इंजिन दादाच्या हातावर येईल असं वाटलं, म्हणून सोडलीही नाही. काहीच न करता पुतळ्यासारखा उभा राहिलो.

दादाने सावकाश हात बाहेर काढला. ग्रीसने काळा झालेला, पण पाचही बोटं जागेवर.

"खाली घेतलं नाहीस ते बरं केलंस. बोटं चेचली असती."

"मला बाजू आठवत नव्हती रे."

"माहितीये मला."

त्याने माझा हात धरून बरोबर बाजूवर ठेवला. चाकं पुरती टेकली, इंजिन पुन्हा जागेवर बसलं, साखळी नुसती ताणलेली ठेवली. मग त्याने पाना पुसून माझ्यापुढे धरला. आजवर त्याने मला त्याच्या हत्यारांना हात लावू दिला नव्हता.

"तू काढ. मी सांगतो कुठे आहे."

मी पाना लावला. बोल्ट सैल होतोय की घट्ट, काही कळेना.

"दुसरीकडे फिरव," दादा शेजारून म्हणाला. त्याचा उजवा हात खिशात होता. बोल्ट सुटेपर्यंत त्याने तो बाहेर काढला नाही.